कार्डावरचे सगळे फोटो इरेज झाले: कॅनन २००डी मार्क २, ६४ जीबी, रॉ + जेपेग

सह्यवारा

कॅमेरा कॅनन ईओएस २००डी मार्क २. कार्ड ६४ जीबी, यूएचएस-१ वेगाचं, एक्सफॅट फाइल सिस्टिमचं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं. रॉ (प्रक्रिया न केलेला फोटो) आणि जेपेग दोन्ही चालू होतं. साखरपुड्याचे साधारण ६४० क्लिक आणि तीन व्हिडिओ होते. मेनूतल्या ‘इरेज इमेजेस’मधून ‘ऑल इमेजेस ऑन कार्ड’ दाबलं गेलं. फॉरमॅट नाही, फक्त इरेज. लक्षात येईपर्यंत त्याच कार्डावर आणखी १४ फोटो निघाले, तेही रॉ + जेपेग. मग कार्ड काढून ठेवलंय, अजून कुठेही लावलेलं नाही.

लॅपटॉप विंडोज ११चा, त्याला स्वतःचा कार्ड स्लॉट आहे. यातलं किती परत मिळू शकतं, फुकटच्या सॉफ्टवेअरवर भागेल का, आणि सीआर३ (कॅननच्या रॉ) फाइली ओळखणारं नेमकं काय वापरावं? दुकानदार म्हणतो की त्या १४ फोटोंमुळे आता काही उरलं नसेल.

झेंडूचंफूल

रिकुव्हा टाका, डीप स्कॅनला टिक करा, कार्ड लावा, रात्रभर चालू द्या. सापडलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करू नका म्हणजे झालं. एवढं अवघड नाही हो.

निगेटिव्ह३५

@झेंडूचंफूल, शेवटचं वाक्य लाखमोलाचं, पण ‘कार्ड लावा’ इथे थोडं थांबू या. विंडोजला कार्ड दिसलं की ती त्यावर ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं लपलेलं फोल्डर तयार करते. मॅक स्पॉटलाइटची आणि ट्रॅशची फोल्डरं टाकतो. फाइली लहान असतात, पण त्या बसतात रिकाम्या जागेत, आणि सह्यवारांचे फोटो सध्या नेमके ‘रिकाम्या’ जागेतच आहेत.

@सह्यवारा, दुकानदाराचं ऐकून निराश होऊ नका, हिशेब करा. २४ मेगापिक्सेलची सीआर३ साधारण २५ ते ३० एमबी, जेपेग ७ ते ९ एमबी. जोडी ३५ एमबी धरली तर ६४० जोड्यांचे २२ जीबीच्या आसपास होतात. नंतरच्या १४ जोड्या म्हणजे जेमतेम ५०० एमबी. सगळं पुसल्यावर कॅमेरा सहसा सुरुवातीच्या रिकाम्या जागेपासून लिहायला लागतो. म्हणजे कार्यक्रमाच्या अगदी पहिल्या १४-१५ क्लिकवर नवे फोटो चढले असतील, ते गेले म्हणून समजा. बाकीचे जागेवर असण्याची शक्यता भरपूर आहे.

क्रम असा ठेवा:

१. कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवा. कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, नुसते फोटो बघायलाही नाही.

२. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून काम होणार नाही. केबलवरून कॅमेरा फक्त अस्तित्वात असलेल्या फोटोंची यादी देतो, कार्डाचे सेक्टर (साठवणीचे सगळ्यात छोटे कप्पे) दाखवत नाही. त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरला तिथे काही दिसतच नाही. कार्ड रीडर किंवा लॅपटॉपचा स्लॉटच हवा.

३. आधी संपूर्ण कार्डाची सेक्टर-दर-सेक्टर इमेज, म्हणजे एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, घ्या. सगळी शोधाशोध त्या इमेजवर करा, कार्डावर नाही. हार्ड डिस्कवर इमेजसाठी ६४ जीबी आणि सापडलेल्या फोटोंसाठी वेगळे ५०-६० जीबी मोकळे हवेत. चांगल्या यूएसबी ३ रीडरला १२-१५ मिनिटं लागतात, जुन्या यूएसबी २ रीडरला अर्धा-पाऊण तास.

४. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करा’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करा’ असं विचारलं तर रद्द करा. चेकडिस्क ही दुरुस्ती फाइल सिस्टिमची (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदवहीची) करते, तुमच्या फोटोंची नाही. ती अर्धवट दुवे तोडून सगळं ‘फाउंड.०००’ फोल्डरमध्ये सीएचके नावाच्या तुकड्यांत टाकते, आणि हे सगळं कार्डावरच लिहिते.

हे सगळं करण्याआधी पाच मिनिटं दुसरीकडेही बघून घ्या. कॅमेरा कनेक्ट ॲपवर फोटो आपोआप पाठवायची सेटिंग चालू असेल तर फोनमध्ये लहान आकाराच्या प्रती असतील. कार्ड मधल्या काळात कुणाच्या लॅपटॉपला लागलं होतं का, तेही विचारा. कार्यक्रमात लोक ‘जरा दे रे’ म्हणत कॉपी करून घेतात आणि विसरतात.

शून्यसेक्टर

निगेटिव्ह३५ यांच्याशी सहमत. रिकुव्हा वाईट नाही, पण या केसला ते माझी पहिली निवड नाही. कारण सांगतो, म्हणजे सॉफ्टवेअर नावावरून न निवडता कामावरून निवडता येईल.

फोटो परत आणायच्या दोन पद्धती आहेत. पहिली डिरेक्टरीवरून: फाइलचं नाव, सुरुवातीचा क्लस्टर (सेक्टरांचा गट) आणि लांबी यांची नोंद अजून कार्डावर असेल तर तिच्या आधारे फाइल उचलायची. दुसरी कोरीव कामाची, तिला कार्व्हिंग म्हणतात: नोंदी बाजूला ठेवून कार्डाचा प्रत्येक सेक्टर वाचायचा आणि फाइलची खूण शोधायची. जेपेग हेक्समध्ये (बाइट आकड्या-अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते आणि ‘एफएफ डी९’ने संपते. सीआर३ ही एमपी४च्याच घराण्यातली, तिच्या सुरुवातीला ‘एफटीवायपी’ आणि लगेच ‘सीआरएक्स’ असतं. पहिल्या पद्धतीत नाव, तारीख, फोल्डर सगळं मिळतं. दुसरीत फक्त मजकूर मिळतो, नाव जातं.

तुमच्या बाबतीत पहिली पद्धत चांगली चालायला हवी, कारण कार्ड ६४ जीबीचं आहे. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं फॅट३२ असतात, त्याच्या वरची एसडीएक्ससी एक्सफॅट. दोन्हीकडे ‘डिलीट’चा अर्थ वेगळा. फॅट३२मध्ये डिलीट झालं की नोंदीतला नावाचा पहिला बाइट ‘ई५’ होतो (म्हणून परत आलेल्या फाइलींची नावं ‘आयएमजी’ऐवजी नुसत्या ‘एमजी’ने सुरू झालेली दिसतात) आणि क्लस्टरांची साखळी (फाइल कुठल्या क्लस्टरांत आहे त्याचा क्रम) शून्य होते. एक्सफॅटमध्ये नोंदीच्या प्रकाराचा एक बिट फक्त बदलतो: ८५चा ०५ होतो, सी०चा ४०, सी१चा ४१. नाव, सुरुवातीचा क्लस्टर, लांबी तशीच राहते. शिवाय फाइल सलग लिहिलेली असेल तर नोंदीतच ‘साखळीची गरज नाही’ असा झेंडा असतो. रिकाम्या कार्डावर ओळीने काढलेले फोटो बहुतेक सलगच असतात, त्यामुळे नोंद सापडली की फाइल पूर्ण सापडली.

अडचण एकच. नवे १४ फोटो बहुधा त्याच ‘१००कॅनन’ फोल्डरमध्ये गेले, आणि त्यांच्या नोंदी जुन्या नोंदींच्या जागी बसल्या. एका फाइलची नोंद ३२ बाइटचे तीन भाग, म्हणजे ९६ बाइट. २८ फाइलींच्या नोंदींनी जुन्या २८ नोंदी खाल्ल्या असतील, म्हणजे पुन्हा त्याच पहिल्या १४ जोड्यांच्या. म्हणजे ज्या फोटोंची नोंद गेली, त्यांचाच मजकूरही गेला. त्यातल्या त्यात नशीब म्हणायचं.

आता प्रत्यक्ष काम. मी डीएमडीई हे रिकव्हरी सॉफ्टवेअर सुचवेन. त्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइली परत काढता येतात, तुमच्या १२८०च आहेत.

प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ चालवा, नाहीतर कार्डाचे सेक्टर वाचायची परवानगी मिळत नाही. आधी फिजिकल डिव्हाइसच्या यादीतून कार्ड निवडा. ६४ जीबीचं कार्ड यादीत ५९-६० च्या आसपास दिसलं तर घाबरू नका, मोजायच्या पद्धतीचा फरक आहे. पूर्ण डिव्हाइस निवडायचं, ‘ई:’ सारखं ड्राइव्ह अक्षर नाही. टूल्समधून सेक्टर कॉपी करून हार्ड डिस्कवर इमेज फाइल बनवा. इथे स्रोत कुठला आणि गंतव्य कुठलं ते दोनदा वाचा. उलटं झालं की कार्ड संपलं. मग कार्ड काढा, डबीत ठेवा आणि इथून पुढे इमेजच उघडा.

इमेजवर एक्सफॅट व्हॉल्यूम लगेच दिसेल. तो उघडा, मग सगळ्या सापडलेल्या फाइली दाखवून फाइल सिस्टिम पुन्हा उभी करायचा पर्याय निवडा. ‘डीसीआयएम’च्या आत खोडलेल्या फाइली लाल फुलीच्या खुणेने दिसतात. आधी चार-पाच जेपेग काढून बघा, त्या नीट उघडल्या तर सगळं फोल्डर काढा. इथे काही दिसलं नाही तरच फुल स्कॅन.

दुसरी फेरी फोटोरेकची. हा कार्व्हिंग करणारा प्रोग्रॅम टेस्टडिस्कबरोबर येतो, मुक्त स्रोत आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतो. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर त्यातच क्यूफोटोरेक नावाची खिडक्यांवाली आवृत्ती आहे. तिच्यात ‘रॉ डिस्क इमेज जोडा’ म्हणून मघाची फाइल द्या. फाइल सिस्टिम विचारली की एक्स्ट नव्हे, दुसरा पर्याय निवडा, आणि शोध ‘होल’वर ठेवा. फाइलींच्या यादीत आधी सगळे प्रकार बंद करा, मग फक्त ‘जेपीजी’ आणि ‘एमओव्ही’ चालू करा. सीआर३ आणि एमपी४ दोन्ही ‘एमओव्ही’च्या कुटुंबात येतात. (ज्यांच्याकडे कॅननची जुनी सीआर२ किंवा निकॉनची एनईएफ आहे त्यांनी ‘टीआयएफ’ चालू करायचं, दोन्ही टिफच्या घराण्यातल्या.) सगळेच प्रकार चालू ठेवले तर हजारो निरुपयोगी तुकडे निघतात आणि निवडण्यात दिवस जातो.

फोटोरेक फाइली ‘रिकप_डिर’ नावाच्या फोल्डरांत टाकतो. नावात ‘एफ’ आणि पुढे सेक्टरचा आकडा. ‘टी’ने सुरू होणाऱ्या पिटुकल्या फाइली म्हणजे जेपेगच्या पोटातल्या लघुप्रतिमा, त्या बाजूला काढा. नंतर एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या साधनाने तारीख-वेळेवरून सगळ्यांची नावं एका झटक्यात बदलता येतात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तर क्रम आपोआप लागतो.

झेंडूचंफूल

मान्य. पण खिट्टी लॉक केल्यावर विंडोज काही लिहूच शकत नाही ना? मग एवढा इमेजचा घाट कशाला?

दुरुस्तीवाला

खिट्टीबद्दल मोठा गैरसमज आहे. तिचा कार्डाच्या आतल्या कंट्रोलरशी (मेमरी सांभाळणाऱ्या चिपशी) काहीही संबंध नाही. नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे तो. रीडरमध्ये एक बारीक स्विच असतो, खिट्टी कुठे आहे ते तो चाचपतो, आणि रीडर संगणकाला सांगतो की लिहू नकोस. म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. बरेच स्वस्त यूएसबी रीडर तो स्विच बसवतच नाहीत किंवा दुर्लक्ष करतात. मायक्रोएसडीला तर खिट्टीच नसते, असते ती ॲडॅप्टरला. सीएफएक्सप्रेस या वेगवान कार्डांनाही नाही.

तपासायचं कसं? दुसरं एखादं फालतू कार्ड लॉक करून त्याच रीडरमध्ये घाला आणि त्यावर नवं फोल्डर करून बघा. फोल्डर झालं तर तो रीडर या कामाला नको.

आणि इमेजचा घाट लिहिण्याच्या भीतीपोटी एवढाच नाही. कार्ड मरणाच्या वाटेवर असेल तर प्रत्येक स्कॅन म्हणजे पुन्हा ६४ जीबी वाचणं. तीन सॉफ्टवेअर आलटून पालटून चालवली तर तेच कार्ड तीनदा घासलं. एकदाच वाचा, शांतपणे वाचा. वाचताना अडखळत असेल, म्हणजे मध्येच वेग शून्यावर येतो, कार्ड गायब होऊन परत येतं, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू वापरा. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारे भाग घेतो आणि अडलेले भाग सोडून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत फक्त अडलेल्या ठिकाणी परत प्रयत्न करतो, तीन वेळा सांगितलं तर तीन वेळा. कुठे काय वाचलं याची नोंद मॅप फाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी काम वाया जात नाही. मात्र लाइव्ह लिनक्समध्ये ऑटोमाउंट (कार्ड लावताच ते आपोआप उघडणं) आधी बंद करा.

सह्यवारा

सगळ्यांचे आभार. रीडरची चाचणी घेतली तर तो लॉक पाळतच नव्हता! लॅपटॉपचा स्लॉट पाळतो. त्यातून डीएमडीईने इमेज घेतली, एकही रीड एरर नाही.

निकाल: ६२५ जोड्यांच्या नोंदी नावासकट दिसल्या आणि काढल्या. पहिल्या १५ जोड्यांचा पत्ता नाही. पण तीन अडचणी आहेत. मधल्या ३०-४० जेपेग वरून नीट आणि खाली राखाडी पट्टा, किंवा खालच्या भागात भलत्याच फोटोचा तुकडा. काही सीआर३ उघडतच नाहीत. आणि तीनपैकी दोन व्हिडिओंचा आकार बरोबर दिसतो पण चालत नाहीत. फोटोरेक लावला, त्याने त्याच जेपेग तशाच अर्धवट दिल्या.

शून्यसेक्टर

कार्यक्रम चालू असताना मधले वाईट फोटो कॅमेऱ्यातच एकेक करून डिलीट करत होतात का? लक्षण तेच सांगतंय.

कार्डावर एकेक फोटो खोडला की मध्ये खड्डे पडतात. ६४ जीबीच्या कार्डावर क्लस्टर सहसा १२८ केबीचा. ८ एमबीची जेपेग खोडली की साधारण ६४ क्लस्टरांचा खड्डा. पुढे कॅमेरा त्या खड्ड्यांकडे वळतो तेव्हा नवी २८ एमबीची सीआर३ थोडी इथे, थोडी तिथे बसते. अशी तुकड्यांतली फाइल सलग समजून उचलली की पहिला तुकडा तिचा आणि पुढचा शेजाऱ्याचा. म्हणून वर नवरी आणि खाली जेवणाची पंगत.

बिघाडाच्या रूपावरून कारण ओळखता येतं. खाली सपाट राखाडी म्हणजे जेपेगचा प्रवाह तिथे तुटला. खाली दुसराच फोटो म्हणजे तुकडीकरण. रंग जांभळट-गुलाबी होऊन चित्र आडवं सरकलं असेल तर मधले काही बाइट चुकीचे आहेत. फाइल आकाराने बरोबर पण कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नाही, तर हेक्स एडिटरमध्ये बघा. सगळं शून्य किंवा सगळं एफएफ दिसलं तर तो भाग खरोखर पुसला गेलाय, तिथे कुणाचंच सॉफ्टवेअर काही करणार नाही.

उपाय तीन, या क्रमाने:

पहिला, जोडीदार बघा. प्रत्येक क्लिकच्या दोन फाइली आहेत. जेपेग तुटली पण सीआर३ शाबूत, किंवा उलट, असं बऱ्याच ठिकाणी सापडेल. त्या ३०-४० मधले निम्मे तरी इथेच सुटावेत.

दुसरा, सीआर३च्या पोटातली जेपेग. या फाइलीत पूर्ण आकाराची जेपेग रॉ डेटाच्या आधी ठेवलेली असते, शिवाय १६२० × १०८० ची एक पूर्वप्रतिमाही असते. म्हणजे सीआर३चा मागचा भाग भलत्याचाच असेल आणि लाइटरूम ती उघडायला नकार देत असेल, तरी पहिले काही एमबी शाबूत असले की एक्झिफटूल ‘जेपीजीफ्रॉमरॉ’ या टॅगखालची पूर्ण जेपेग काढून देतो. ती हाती लागली नाही तर ‘प्रिव्ह्यूइमेज’ मागा. १६२० पिक्सेल रुंदी अल्बमच्या लहान चौकटीला पुरते.

तिसरा, साखळी वाचणारं सॉफ्टवेअर. एक्सफॅटमध्ये डिलीट करताना बिटमॅपमधली (कुठले क्लस्टर मोकळे त्या तक्त्यातली) जागा मोकळी दाखवणं पुरेसं असतं, फॅट नावाच्या तक्त्यातली साखळी पुसलीच पाहिजे असं नाही. ते कॅमेऱ्याच्या फर्मवेअरवर, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरवर आहे. साखळी उरली असेल तर आर-स्टुडिओ किंवा यूएफएस एक्सप्लोररसारखी साधनं तुकडे जोडू शकतात. दोन्हींच्या चाचणी आवृत्तीत झलक दिसते. झलक नीट दिसली तरच पैसे भरा. फोटोरेकमध्ये तुकड्यांसाठी ‘ब्रूट फोर्स’ पर्याय आहे, पण तो मशीन तापवतो, फक्त जेपेगसाठी आणि सगळ्यात शेवटी.

पाचशे-सहाशे फोटो एकेक उघडून बघू नका. लघुप्रतिमा फसवतात, कारण त्या फाइलच्या सुरुवातीला असतात आणि फोटो तुटलेला असला तरी छान दिसतात. जेपेगइन्फोसारखं तपासणीचं साधन पूर्ण फाइल डिकोड करून कुठली तुटलीय ते सांगतं.

निगेटिव्ह३५

व्हिडिओचं मी सांगतो. एमपी४मध्ये चित्र-आवाजाचा ढीग एका पेटीत असतो, ‘एमडॅट’, आणि त्या ढिगात कुठे काय आहे याची सूची दुसऱ्या पेटीत, ‘मूव्ह’. सूची पूर्ण होते रेकॉर्डिंग थांबल्यावर. फाइल तुकड्यांत पडली असेल तर ढीग सापडतो पण सूची दुसरीकडेच राहते, आणि सूचीशिवाय प्लेअर ढुंकून बघत नाही. तुमच्या दोन व्हिडिओंचं बहुधा हेच झालंय.

अनट्रंक नावाचं मुक्त साधन आहे. त्याला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून लागतो: त्याच कॅमेऱ्याचा, त्याच रिझोल्यूशनचा, त्याच फ्रेम रेटचा. तुमचा तिसरा व्हिडिओ चालतोय तोच द्या. सेटिंग वेगळी असेल तर त्याच सेटिंगवर मिनिटभराचं नवं शूट करा, अर्थात दुसऱ्या कार्डावर. अनट्रंक नमुन्यावरून सूची नव्याने बांधतो. पण मध्ये दुसऱ्या फाइलचा तुकडा घुसला असेल तर तिथपर्यंतच चालेल. गोप्रोसारख्या कॅमेऱ्यात हे आणखी अवघड, कारण तो मुख्य व्हिडिओ आणि कमी दर्जाची एलआरव्ही प्रत एकाच वेळी लिहितो, क्लस्टर एकमेकांत विणले जातात.

पाऊलखूण

इथेच विचारतो. सोनीच्या कॅमेऱ्यात ‘रिकव्हर इमेज डेटाबेस’ असा पर्याय मेनूत आहे. तो दाबून खोडलेले फोटो येतात का? दुसरं म्हणजे, इरेज न करता फॉरमॅट झालं असेल तर सगळंच संपलं का? आणि मित्राचं एक कार्ड संगणकाला लावलं की ‘फॉरमॅट करा’ म्हणतं, त्याच्यावर हेच उपाय चालतील का?

शून्यसेक्टर

‘रिकव्हर इमेज डेटाबेस’ नावाने फसवतो. कॅमेरा आपली व्यवस्थापनाची सूची नव्याने बांधतो, खोडलेले फोटो आणत नाही, आणि ती सूची कार्डावर लिहितो. रिकव्हरी बाकी असेल तर दाबू नका.

फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. साधा फॉरमॅट फक्त फाइल सिस्टिमची पाटी कोरी करतो, फोटोंचा मजकूर राहतो. तिथे डीएमडीईचा फुल स्कॅन आणि फोटोरेकची ‘होल’ शोधणी, दोन्ही चालतात. नावं मिळतील न मिळतील, फोटो मिळतात. कॅननच्या बऱ्याच ईओएस मॉडेलांत फॉरमॅटच्या पडद्यावर ‘लो लेव्हल फॉरमॅट’ची टिक असते. ती असेल तर कॅमेरा सगळी जागा पुसायची आज्ञा कार्डाला देतो. नंतर वाचलं तर सगळीकडे शून्य किंवा सगळीकडे एफएफ. मग पैसे खर्च करू नका. इमेजमधले मधलेच काही हजार सेक्टर हेक्समध्ये चाळले की दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

सीएफएक्सप्रेसवाल्यांनी जास्त घाई करावी. ती कार्डं एनव्हीएमई जातीची, एसएसडीची भावंडं. फॉरमॅटबरोबर जागा सोडून देण्याची आज्ञा गेली असेल तर कंट्रोलर नंतर स्वतःच साफसफाई करतो, नुसता वीजपुरवठा चालू असला तरी. ते कार्ड स्लॉटमधून लगेच काढा.

खोडणं संगणकावरून झालं असेल तर एक सोपी जागा आधी बघा. मॅकवर फाइंडरमधून खोडलेले फोटो ट्रॅश रिकामा करेपर्यंत त्याच कार्डावरच्या लपलेल्या ‘ट्रॅशेस’ फोल्डरमध्ये असतात. लिनक्सवरही लपलेलं ट्रॅश फोल्डर असतं. विंडोजवर कार्डावरून खोडलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. आणि फोनमधलं मायक्रोएसडी ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून वापरलं असेल तर ते एन्क्रिप्ट केलेलं असतं. संगणकाला लावून त्यातून काहीही वाचता येत नाही, कार्व्हिंगनेही नाही.

दुरुस्तीवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. कार्डाचा आकार पूर्ण दिसतोय आणि फाइल सिस्टिम फक्त ‘रॉ’ दिसतेय (हा रॉ फोटोतला नाही, विंडोजला फाइल सिस्टिम ओळखता आली नाही एवढाच अर्थ), तर वरचेच उपाय, इमेज घ्या आणि पुढे जा. आकार शून्य, ‘नो मीडिया’ किंवा ६४ जीबीऐवजी काही एमबी दिसत असेल तर कंट्रोलर गेलाय. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागू नाही, डाउनलोड करत बसू नका.

तरी लॅबकडे धावण्याआधी संपर्क तपासा. एसडीच्या सोनेरी पट्ट्यांवर घामाचा-धुळीचा थर बसतो, कोकणपट्टीच्या दमट हवेत काळपटपणाही येतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, हलक्या हाताने, मग दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर घासू नका, मुलामा निघतो. यूएचएस-२ कार्डाला पट्ट्यांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत घोळ असेल तर तेच कार्ड साध्या यूएचएस-१ रीडरमध्ये लावून बघा, तो फक्त पहिली ओळ वापरतो. हळू चालेल पण वाचेल. मधलं प्लास्टिक तुटून पट्ट्या चिकटल्या असतील तर फेविक्विक लावू नका, आमचं काम दुप्पट होतं.

लॅबमध्ये काय करतात: मायक्रोएसडी आणि आजची बरीच एसडी कार्डं ‘मोनोलिथ’ असतात, कंट्रोलर आणि मेमरी एकाच ठोकळ्यात. वरचा थर खरवडून आतले तांत्रिक बिंदू उघडे करायचे, केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या, मेमरी थेट वाचायची, आणि कंट्रोलरने केलेली सरमिसळ सॉफ्टवेअरने उलगडायची. म्हणून ते महाग आणि वेळखाऊ. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाल किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, आधी चार गोष्टी विचारा: काम इथेच होतं की पुढे पाठवता, डेटा मिळाला नाही तर किती घेणार, पैसे देण्याआधी फाइलींची यादी आणि काही उघडलेले फोटो दाखवणार का, आणि कार्ड परत मिळणार का. आधी कुणी कार्ड उघडलं असेल तर तेही सांगा, लपवू नका.

आणि मित्राला विचारा, कार्ड घेतलं कुठून. ८ किंवा १६ जीबीच्या चिपवर १२८चा आकडा दाखवणारी नकली कार्डं सर्रास मिळतात. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं किंवा फिरून आधीच्या फोटोंवर चढतं. नावं दिसतात, आत काही नसतं, आणि ते परत आणायला जगात कुठेच नसतं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ पूर्ण कार्ड भरून परत वाचून खरी जागा सांगतात. पण ही चाचणी कार्डावर लिहिते. म्हणून फोटो काढून झाल्यावर, दोन ठिकाणी कॉपी झाल्यावरच चालवा. सह्यवारांनी सुद्धा, जुनं कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालण्याआधी.

सह्यवारा

हो, मध्ये मध्ये एकेक डिलीट चालूच होतं. जोडीदार फाइली आणि एक्झिफटूल मिळून अर्धवट फोटोंपैकी ९ सोडून सगळे सुटले. त्या ९ मधल्या ४ फोटोंना १६२० पिक्सेलची प्रत मिळाली. अनट्रंकने एक व्हिडिओ पूर्ण दिला, दुसरा सव्वा मिनिटाला तुटतो. तो तुकडा जोडण्यासाठी आर-स्टुडिओची चाचणी आवृत्ती इमेजवर लावली आहे. झलक दिसली तर लिहितो.

शून्यसेक्टर

व्हिडिओ निवडायच्या आधी आर-स्टुडिओमध्ये इमेजचा क्लस्टर आकार १२८ केबी धरलाय ना ते बघा. डीएमडीईने व्हॉल्यूमच्या माहितीत जो दाखवला तोच आकडा हवा. तो चुकला तर प्रत्येक तुकडा चुकीच्या जागेवरून उचलला जाईल.